कच्चे काम

आमची ठाण्याच्या नौपाड्यातली तीन मजली इमारत दिवाळीनंतर पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे, म्हणून गेले दोन महिने मी माळ्यावरचे सामान खाली काढते आहे. तांब्याचा बंब आणि पितळेचे डबे यांचा निकाल चटकन लागला. अडले ते कागदांपाशी. याच घराच्या पुढच्या खोलीत मी २८ वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवले, आणि सराव परीक्षांच्या ज्या उत्तरपत्रिका मुले परत नेत नसत त्या सुतळीने बांधून वर टाकत गेले. त्या गठ्ठ्यांत एकाच टाचणीने टोचलेल्या दोन उत्तरपत्रिका सापडल्या. टाचणी गंजून कागदावर तांबडा डाग पडला होता. त्या दोन वेगळ्या का काढून ठेवल्या होत्या, हे मला पाहताक्षणी आठवले. आठवले नसते तर बरे झाले असते.

प्रश्न इंटिग्रेशनचा होता. अंशात एक, छेदात एक्स आणि त्याला लागून कंसात एक्सचा पाचवा घात अधिक एक. वर्गात मी शिकवलेली रीत अशी, की अंश आणि छेद दोन्हींना एक्सच्या चौथ्या घाताने गुणावे, एक्सचा पाचवा घात म्हणजे टी मानावा आणि पुढे आंशिक अपूर्णांक पाडावेत. सात-आठ ओळींत उत्तर येते. या दोन मुलांनी मात्र कंसातून एक्सचा पाचवा घात सामाईक काढला होता, कंसात जे उरले त्याला टी मानले होते, आणि तीन ओळींत काम संपवले होते. रीत बरोबर होती, माझ्या रीतीपेक्षा देखणी होती, आणि मी ती शिकवलेली नव्हती. दोघे एकाच बाकावर बसत. एक कोपरीचा, नेहमी पहिला येणारा; दुसरा कळव्याचा, ज्याला मी मनाशी 'बरा आहे' एवढ्यावर सोडून दिले होते. कोणी कोणाचे पाहिले असेल, हे ठरवायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. कळव्याच्या मुलाला मी वर्गासमोर उभे केले. "मॅडम, मी केलंय," एवढेच तो म्हणाला. मी त्या प्रश्नाचे गुण कापले.

आठवड्याने गुणांची पुन्हा बेरीज करताना मी सहज शेवटची पाने उलटली. कच्चे काम शेवटच्या पानावर करायचे, हा आमच्याकडचा नियम. कोपरीच्या मुलाने आधी एक्सचा पाचवा घात अधिक एक याचे अवयव पाडायला घेतले होते, एक अवयव मिळाला होता, उरलेल्या चौथ्या घाताच्या राशीपाशी तो अडकला होता, ते सगळे खोडून त्याने खाली सामाईक अवयव काढला होता. कळव्याचा मुलगा निराळ्याच वाटेने आला होता. त्याने एक्स म्हणजे एक भागिले टी मानले होते, त्या रीतीने पूर्ण उत्तर काढले होते, आणि मग टीचा पाचवा घात म्हणजे एक्सचा उणे पाचवा घातच आहे हे लक्षात आल्यावर मधले सगळे गाळून पक्क्या पानावर तीन ओळी लिहिल्या होत्या. दोन वाटा वेगवेगळ्या जागी सुरू होऊन एकाच दाराशी आल्या होत्या. मी गुण परत दिले. वर्गासमोर उभे केले होते, ते मात्र वर्गासमोर मागे घेतले नाही.

कॅल्क्युलस, म्हणजे बदलाचा वेग आणि वक्राखालचे क्षेत्रफळ काढण्याचे गणित, आपल्याकडच्या पुस्तकी भाषेत कलन, नेमके कोणी शोधले, इंग्लंडच्या न्यूटनने की जर्मनीच्या लाइबनिझने, या वादाविषयी जे काही मी निवृत्तीनंतर वाचत आले, ते वाचताना ही शेवटची पाने माझ्या मनातून कधी गेली नाहीत. कारण तो सगळा वाद पक्क्या पानांवर लढला गेला, आणि त्याचा उलगडा, जेवढा झाला तेवढा, कच्च्या पानांनी केला.

वादाची बाहेरची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले, न्यूटन वूल्सथॉर्पला आईच्या घरी गेला, आणि १६६६ च्या ऑक्टोबरपर्यंत त्याच्याजवळ वक्राची स्पर्शिका काढण्याची आणि वक्राखालचे क्षेत्रफळ काढण्याची सर्वसाधारण रीत तयार होती. ही दोन कामे एकमेकांच्या उलट आहेत, हेही त्याला उमगले होते. त्याने ते छापले नाही. १६६९ मध्ये एक टिपण लिहून ते केंब्रिजचा गणिताचा प्राध्यापक बॅरो याच्यामार्फत लंडनच्या कॉलिन्सकडे, म्हणजे गणितज्ञांशी पत्रव्यवहार ठेवणाऱ्या गृहस्थाकडे, दिले, ते छापून आले १७११ मध्ये. १६७१ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तो छापला गेला १७३६ मध्ये, न्यूटनच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. दुसरीकडे लाइबनिझ १६७२ मध्ये राजनैतिक कामासाठी पॅरिसला आला तेव्हा त्याचे गणित आमच्या बारावीच्या हुशार मुलाइतकेही नव्हते. चार वर्षांत तो तिथे गणित शिकला, स्वतःची रीत उभी केली आणि १६८४ मध्ये 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकात सहा पानांत छापून मोकळा झाला. म्हणजे शोध आधी न्यूटनचा, छापील कागद आधी लाइबनिझचा. त्याआधी फर्मा, कॅव्हालिएरी, वॉलिस, बॅरो यांनी वाट बरीच मळवून ठेवली होती, आणि फार मागे आर्किमिडीज होताच. पण भांडण लागले ते या दोघांत.

न्यूटनने आपला शोध कसा जपून ठेवला होता, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. १६७६ च्या ऑक्टोबरात त्याने लाइबनिझला पोचवण्यासाठी एक लांब पत्र लिहिले. त्यात आपल्या पद्धतीचे मर्म सांगण्याची वेळ आली तेव्हा त्याने वाक्य लिहिले नाही. त्या लॅटिन वाक्यातली अक्षरे सुटी करून, ए ६ वेळा, ई १३ वेळा, आय ७ वेळा, एन ९ वेळा, अशी वर्णानुक्रमाने मोजून लिहिली. वाक्याचा अर्थ साधारण असा: बदलत्या राशींचे समीकरण दिले असता त्यांच्या बदलाचा वेग काढणे, आणि याच्या उलट. हे कोडे सोडवून लाइबनिझला कलन सापडले असते, असे म्हणणे म्हणजे किराणा दुकानाची यादी वाचून पुरणपोळी करता येते असे म्हणणे आहे. पुढे 'मी तुला तेव्हाच सांगितले होते' असे म्हणण्यापुरता पुरावा राहावा आणि सांगितलेले काहीच नसावे, असा तो कागद होता. त्या काळी अशी रीत होती हे खरे, तरीही शिक्षक म्हणून मला ते पत्र वाचताना राग येतो.

त्याच महिन्यात लाइबनिझ लंडनला गेला होता आणि कॉलिन्सने त्याला न्यूटनचे १६६९ चे टिपण दाखवले. पुढे सगळा आरोप उभा राहिला तो अशा गोष्टींवर: कागद त्याच्या डोळ्यांखालून गेला होता. माझ्या वर्गातला नियमही तोच होता, शेजारी बसला म्हणजे पाहिले. पण लाइबनिझ काहीही फेकत नसे. त्याच्या मृत्यूनंतर हानोवरच्या सरकारने त्याचे कागद ताब्यात घेतले, कारण त्यात दरबारी भानगडी असतील अशी धास्ती होती, आणि त्या धास्तीमुळे त्याचे कच्चे काम जसेच्या तसे राहिले. त्यात त्या लंडनभेटीची टिपणेही आहेत. त्याने न्यूटनच्या कागदातून काय उतरवून घेतले? अनंत श्रेणींचा, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांचा, भाग तेवढा उतरवून घेतला. स्पर्शिका आणि क्षेत्रफळे यांच्या सर्वसाधारण रीतीचा भाग त्याने टिपला नाही, कारण त्यात त्याला नवे असे काही दिसले नाही. चोर घरात शिरला आणि जे त्याच्या घरी होते त्याला हात न लावता दुसरेच काही घेऊन गेला, असे दिसले तर पंचनामा करणाऱ्याने थोडे थांबायला हवे.

त्याही आधीची, पॅरिसमधली पाने तर मला फारच आवडतात. २९ ऑक्टोबर १६७५ या तारखेच्या पानावर त्याने बेरजेसाठी लांबट एस वापरायला सुरुवात केली. आज बारावीचे प्रत्येक मूल जे चिन्ह काढते ते हेच. नोव्हेंबरच्या पानांवर राशीतल्या अतिसूक्ष्म फरकासाठी डी हे अक्षर येते. आणि ११ नोव्हेंबरच्या पानावर तो स्वतःला विचारतो, की दोन राशींच्या गुणाकाराचा डी म्हणजे त्यांच्या डींचा गुणाकारच का? उदाहरण घेऊन पाहतो, जमत नाही, आणि काही दिवसांनी बरोबर नियम त्याच्या हाती लागतो. माझ्या वर्गात दर वर्षी तीस मुलांत चार-पाच जण ही चूक करत. पहिल्या वर्षी मला वाटले होते की त्यांनी एकमेकांचे पाहिले. सारखी चूक म्हणजे नक्कल, असे आम्ही पेपर तपासणारे धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण काही चुका अशा असतात, की त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण त्याच दगडाला ठेचकाळतो. ज्याने दुसऱ्याचे तयार उत्तर उतरवून घेतले आहे, त्याच्या वहीत ही ठेच दिसणार नाही. लाइबनिझच्या वहीत ती तारखेसह दिसते.

हे कागद त्या वेळी कोणी पाहिले नाहीत. १६९९ मध्ये फातिओ नावाच्या, न्यूटनच्या मर्जीतल्या तरुण गणितज्ञाने पहिला जाहीर चिमटा काढला. मग लाइबनिझने १७०५ मध्ये न्यूटनच्या पुस्तकाचे निनावी परीक्षण लिहून त्यात तिरका शेरा मारला, तेव्हा तोही धुतल्या तांदळासारखा नव्हता. मग न्यूटनचा पाठीराखा जॉन कील याने चोरीचा उघड आरोप केला, आणि १७११ मध्ये लाइबनिझने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे दाद मागितली. सोसायटीचा अध्यक्ष १७०३ पासून न्यूटनच होता. १७१२ मध्ये समिती नेमली गेली, थोड्याच आठवड्यांत तिचा अहवाल आला, तो न्यूटनच्या बाजूने होता, आणि तो लिहिला होता मुख्यतः न्यूटनने. त्याहून वरचढ गोष्ट अशी, की १७१५ मध्ये त्या अहवालाचे एक भलेमोठे निनावी परीक्षण सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले, तेही न्यूटनचेच. लाइबनिझचे म्हणणे समितीने ऐकून घेतलेच नाही. दुसऱ्या शोधकाला हक्क नसतो, त्याने स्वतः शोधले की नाही हा प्रश्नच नाही, अशी न्यूटनची भूमिका होती. १७१६ मध्ये लाइबनिझ गेला तरी न्यूटनने विषय सोडला नाही. समितीवर हॅली आणि द मुआव्र यांच्यासारखी माणसे होती. त्यांना गणित कळत नव्हते असे नाही. पण निकाल देणारा आणि फिर्यादी एकच असला की समितीत कोण बसले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. मी तर त्या दिवशी वर्गात एकटीच सगळी समिती होते.

आता आपल्याकडचा भाग. याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे 'हे सगळे आपल्याकडे आधीच होते', आणि दुसरा म्हणजे पहिला सूर ऐकताच कपाळाला आठ्या घालणारा. गंमत म्हणजे आपले व्याकरणही पक्षपाती आहे: न्यूटन 'तो' आणि भास्कराचार्य 'ते'. मीही तेच करते आहे आणि बदलण्याचा विचार नाही. पण निवाडा करताना ते लक्षात ठेवलेले बरे.

केरळात, भारतपुळा नदीच्या परिसरात, चौदाव्या शतकाच्या मध्यापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ गुरुशिष्यांची एक अखंड परंपरा चालू होती. तिचा आरंभ संगमग्रामच्या माधवापासून होतो. त्याचा काळ साधारण १३४० ते १४२५. त्याचे या विषयावरचे मूळ ग्रंथ हाती नाहीत, पण शिष्य-प्रशिष्यांनी त्याचे श्लोक त्याच्या नावानिशी जपले आहेत. व्यासावरून परीघ काढण्याचा श्लोक 'व्यासे वारिधिनिहते' असा सुरू होतो. वारिधि म्हणजे समुद्र, म्हणजे चार. व्यासाला चाराने गुणा, मग तीन, पाच अशा विषम संख्यांनी वेगवेगळा भाग देऊन आळीपाळीने वजा आणि अधिक करत चला. एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश अशी ही श्रेणी स्कॉटलंडच्या ग्रेगरीला १६७१ च्या सुमारास आणि लाइबनिझला त्यानंतर दोन-तीन वर्षांत सापडली आणि कैक वर्षे त्यांच्याच नावावर शिकवली गेली. मीही तशीच शिकवली.

माधवाचा दुसरा एक श्लोक मला एका दुपारी पेन्सिल घेऊन सोडवायला मिळाला आणि त्या दुपारी मी चहा विसरले. त्यात परिघाची संख्या शब्दांत ओवली आहे: विबुध, नेत्र, गज, अहि, हुताशन, त्रि, गुण, वेद, भ, वारण, बाहु. देव ३३, डोळे २, हत्ती ८, नाग ८, अग्नी ३, मग ३, गुण ३, वेद ४, नक्षत्रे २७, पुन्हा हत्ती ८, आणि बाहू २. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, की संख्या येते २८२७४३३३८८२३३. हा परीघ, आणि व्यास नऊ निखर्व, म्हणजे नवावर अकरा शून्ये. भागाकार करून पाहा: ३.१४१५९२६५३५९. पायची किंमत अकराव्या स्थळापर्यंत.

आता ती श्रेणी नुसती बेरीज करत गेले तर एवढी अचूकता या जन्मी यायची नाही, कारण ती अतिशय संथ आहे. पन्नास पदे घेतली तर हाती येते ३.१२१५९, दुसऱ्या दशांश स्थळापाशीच गाडी कर्जतच्या सिग्नलला थांबल्यासारखी थांबते. माधवाची परंपरा इथे थांबली नाही. शेवटच्या विषम संख्येच्या पुढची सम संख्या घ्या, तिच्या निम्म्याला तिच्याच वर्गात एक मिळवून भागा, ते व्यासाच्या चौपटीने गुणून शेवटचा संस्कार म्हणून जोडा, असे ते सांगतात. पन्नास पदांनंतर पुढची सम संख्या १००, तिचे निम्मे ५०, वर्गात एक मिळवून १०००१. एवढी एक दुरुस्ती केली की त्या ३.१२१५९ चे ३.१४१५९२६५२७९ होते, म्हणजे आठ दशांश स्थळे अचूक. याहून सूक्ष्म असा आणखी एक संस्कारही त्यांच्याजवळ होता.

आणि हे नुसते सूत्र पाठ करून ठेवलेले नव्हते. १५३० च्या सुमारास ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' लिहिली, तीही संस्कृतात न लिहिता मल्याळमच्या गद्यात, आणि तिच्यात प्रत्येक पायरीची उपपत्ती दिली. वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या चौकोनाच्या बाजूचे अतिसूक्ष्म समान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा वाटा काढायचा, मग एकापासूनच्या संख्यांची, त्यांच्या वर्गांची, घनांची बेरीज तुकडे वाढत गेले असता कशी होत जाते ते दाखवायचे. त्या बेरजांना ते संकलित, वर्गसंकलित, घनसंकलित म्हणतात. हे वाचताना मला वाटले, की हा माणूस वर्गात शिकवत असला पाहिजे. समोर कोणी बसल्याखेरीज एवढ्या धीराने कोणी लिहीत नाही.

हे ज्ञान युरोपला कळले ते फार उशिरा. मलबारात नोकरीला असलेल्या चार्ल्स व्हिश या कंपनीच्या अधिकाऱ्याने याविषयी लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत १८३२ मध्ये वाचला गेला, आणि नंतर शंभर वर्षे जवळजवळ सगळ्यांनी तो विसरून टाकला. तो धागा पुन्हा उचलणाऱ्यांत मुकुंद मरार आणि राजगोपाल होते. वर्तुळाच्या भारतीय क्षेत्रगणितावरचा त्यांचा लेख १९४४ मध्ये सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, म्हणजे आपल्या टाउन हॉलमधूनच, छापून आला.

यावरूनच तिसरा आरोप निघतो, की कोचीतल्या जेझुइट पाद्र्यांनी हे ज्ञान सोळाव्या शतकात युरोपात नेले आणि न्यूटन-लाइबनिझ दोघेही त्यावर जगले. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना तिथल्या जुन्या चर्चकडे पाहून मी याचा पुष्कळ विचार केला आहे. पोर्तुगीज पाद्री या किनाऱ्यावर खरोखर होते, ठाण्यात होते, वसईत होते, कोचीत होते. मातेओ रिची हा जेझुइट पुढे चीनला जाण्याआधी कोचीत राहिला होता आणि इथली कालगणना समजून घ्यायला कोणी जाणकार माणूस हवा, असे त्याने पत्रात लिहिले आहे. तेव्हा संधी होती, गरजही होती. फक्त कागद नाही. केरळी ग्रंथाचे भाषांतर, सारांश, निदान उल्लेख असलेला एकही कागद अजून पुढे आलेला नाही. शेजारी बसला म्हणजे पाहिले, हा नियम एकदा माझ्या अंगाशी आलेला असल्यामुळे मी इथे तो लावायला तयार नाही.

उलट एक गोष्ट मला या आरोपाच्या विरुद्ध जाणारी वाटते. ज्या पत्रात न्यूटनने ते अक्षरांचे कोडे घातले, त्याच पत्रात त्याने लाइबनिझच्या त्या संथ श्रेणीविषयी लिहिले आहे, की तिच्याने वीस दशांश स्थळे काढायची तर ५,००,००,००,००० पदे लागतील आणि त्याला हजार वर्षे लागतील. माधवाचा संस्कार ज्याच्या कानावर पडला आहे, तो असे वाक्य लिहिणार नाही, आणि ज्याला ते वाक्य लिहून आले, त्याने उत्तर म्हणून तो संस्कार पुढे केला असता. नक्कल करणारा मुलगा उत्तराचा अवघड भाग उतरवतो आणि त्या उत्तराचा सगळ्यांत उपयोगी भाग सोडून देतो, असे मी २८ वर्षांत पाहिले नाही. हा पुरावा निर्णायक नाही, अर्धवट ऐकीव कल्पनाही प्रवास करतात. पण आज कोणी मला गुण द्यायला सांगितले तर मी तिन्ही वह्यांना पूर्ण गुण देईन.

मात्र तिन्ही वह्यांतले उत्तर एकच आहे, असे मी म्हणणार नाही. माधवाच्या परंपरेने वर्तुळाच्या बाबतीत जे केले त्याला तोड नाही. पण त्यांचा प्रश्न वर्तुळाचा आणि ग्रहांचा होता, आणि कोणताही वक्र द्या, हे नियम लावा, उत्तर काढा, अशी सर्वांसाठीची रीत त्यांनी मांडलेली दिसत नाही. कदाचित त्यांना ती लागलीच नाही. न्यूटनजवळ ती होती आणि त्याने ती पेटीत ठेवली. लाइबनिझने तिला अशी चिन्हे दिली की सामान्य बुद्धीचे मूलही हात धरून चालावे तसे चालत जाते. आमचे क्लास त्या चिन्हांवर चालतात. इंग्लंडने मात्र बदलाचा वेग दाखवणाऱ्या न्यूटनच्या चिन्हाचा, अक्षरावरच्या टिंबाचा, अभिमान शंभर वर्षे धरला, आणि १८१२ मध्ये केंब्रिजच्या बॅबेज, हर्शेल, पीकॉक या तरुणांना लाइबनिझचा डी तिथे आणण्यासाठी मंडळ काढावे लागले.

या वादात एक मराठी माणूसही होता, हे मला फार उशिरा कळले. पुण्यात जन्मलेले आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणित-ज्योतिष शिकवणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, की भास्कराचार्यांना कलन ठाऊक होते. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, हिशेबात घेतली आहे; चंद्र एवढ्या झपाट्याने चालतो की दोन दिवसांतला फरक घेऊन तिथीचा शेवट नेमका सांगता येत नाही. ज्या ठिकाणी ग्रहाची मंदफळाची दुरुस्ती, म्हणजे सरासरी स्थानावरून खरे स्थान काढताना करायची दुरुस्ती, सर्वांत मोठी असते, त्या ठिकाणी गतीतली दुरुस्ती शून्य असते, हेही त्यांनी सांगितले आहे. आमची मुले महत्तम किंमत काढताना डेरिव्हेटिव्ह शून्य मांडतात, तीच ही गोष्ट. बापूदेवांना लंडनहून स्पॉटिसवूड या गणितज्ञाने उत्तर दिले, की ही बुद्धी थक्क करणारी आहे, पण बापूदेवांनी दावा फार ताणला आहे. मला दोघांचेही पटते. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याच्या खर्चाची तरतूद सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथे आहे, आणि त्या लेखाची शेपटी जुन्या मराठीत आहे: बाजारातल्या देवघेवीवरचा कर मठाला द्यावा. तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पुढे एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी या विषयावर मराठीत पुस्तक केले तेव्हा त्याला 'शून्यलब्धि' म्हटले. शून्याने काय लाभते, ही शंका इंग्लंडात बिशप बर्कलीने १७३४ मध्ये न्यूटनच्या अनुयायांना नेमकी विचारली होती आणि तिचे चोख उत्तर द्यायला एकोणिसाव्या शतकातल्या कोशी या फ्रेंच गणितज्ञाच्या पिढीपर्यंत थांबावे लागले. कलन या शब्दापेक्षा तो जुना शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, पण तो आता कोणी वापरत नाही.

त्या दोन उत्तरपत्रिका सापडल्या त्या रात्री मी कळव्याच्या मुलाचा नंबर शोधून काढला. तो आता ऐरोलीला एका संगणक कंपनीत आहे, त्याची मुलगी नववीत आहे. मी त्याला सगळे सांगितले, आणि जे तेव्हा वर्गासमोर म्हणायला हवे होते ते फोनवर म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, उभं केलं होतं ते आठवतंय. पण एक भागिले टी? ते मी केलं होतं?" प्रश्न काय होता, तो फोटो काढून पाठवा, असे त्याने सांगितले. मी फक्त प्रश्न पाठवला, कच्चे काम पाठवले नाही.

तासाभराने त्याच्याकडून फोटो आला. मुलीच्या वहीच्या पानावर त्याने गणित पुन्हा सोडवले होते: अंश आणि छेद दोन्हींना एक्सच्या चौथ्या घाताने गुणून, टी मानून, आंशिक अपूर्णांक पाडून, आठ ओळींत. खाली विचारले होते, "मॅडम, बरोबर आहे ना?"